ख्रिस्ती म्हणवतो, मग वागायचं कसं? मराठवाड्यातल्या विश्वासणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीत, घरगुती सभांत आणि दृढीकरणाच्या वर्गात जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे एकत्र केले आहेत. उपासनेची पद्धत, गीतं, उपवासकाळाचे नियम यांबद्दल यात काही नाही. शेत, मोंढा, मजुरी, सोयरीक, सण, दवाखाना आणि मंडळीचा पैसा या ठिकाणी विश्वास कसा पाळायचा, एवढ्यापुरतंच हे पान आहे. आपल्याकडे उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल असे सगळेच आहेत. जिथे त्यांची मतं वेगळी पडतात तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

मला मनापासून सुधारायचं आहे. सुरुवात कुठून करू?

लोकांचं जे देणं लागता, तिथून. जास्त प्रार्थना करणं, उपवास धरणं, सभेत उभं राहून साक्ष देणं चांगलंच आहे. पण ज्याचे पैसे तुमच्याकडे अडकलेत त्याच्या हाती त्यातलं काही पडत नाही. येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरला तेव्हा जक्कय जे बोलला ते पैशाचं होतं: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत (लूक १९:८). या घराला तारण मिळालं हे येशू त्यानंतर म्हणाला.

एक वही घ्या आणि चार रकाने पाडा: कोणाचं, काय, किती, कधीपासून. हातउसने, किराणा दुकानाची उधारी, मजुरीची बाकी, भावाच्या हद्दीत सरकवलेला बांध, मागून आणून परत न केलेली वस्तू, खोटं बोलून केलेलं नुकसान, सगळं लिहा. नवरा-बायकोने मिळून बसलेलं बरं. आपण सोयीने विसरतो ते घरच्या माणसाला बरोबर आठवतं.

यादी झाली की सर्वांत गरीब माणसाचं देणं आधी फेडा. बँकेचा हप्ता चुकला तर नोटीस येते, पण मजूर बाईचे चारशे रुपये थांबले तर तिच्या घरात तेल येत नाही, आणि ती नोटीसही पाठवू शकत नाही.

किती द्यायचं? उसने घेतले आणि उशीर झाला, तर मुद्दल द्या आणि माफी मागा. फसवून घेतले असतील तर नियमशास्त्रात पाचवा हिस्सा वाढवून द्यायला सांगितलं आहे (लेवीय ६:५), म्हणजे पाच हजारांचे सहा हजार. हे किमान धरा. एकदम जमत नसेल तर हप्ते बांधा, पण तारीख आधी सांगा आणि त्या तारखेला तुम्ही त्याच्याकडे जा. स्वतःच्याच पैशासाठी त्याला तुमच्या दारात हेलपाटे घालायला लावू नका.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, पैसे परत करताना माणूस प्रवचन सुरू करतो. समोरच्याला वाटतं, आपल्याला सभेला न्यायचा हा डाव आहे, आणि दिलेल्या पैशाचीही किंमत जाते. का दिलेत असं त्याने विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. नाही विचारलं तर नका सांगू. दुसरी, गुपचूप फोनवरून रक्कम पाठवून मोकळं होणं. नुसत्या हिशेबाची बाकी असेल तर ते चालेल. फसवणूक असेल तर समोर जाऊन “हे तुमचे होते, मी जाणूनबुजून ठेवले” एवढं तोंडाने म्हणावंच लागतं.

ज्याचं देणं आहे तो वारला, किंवा गाव सोडून गेला. आता काय?

वारसांना द्या. वारसही नसतील तर ती रक्कम देवाच्या कामाला द्यावी असं गणना ५:७-८ मध्ये आहे. पण ती तुमच्या दशांशात (उत्पन्नाचा दहावा भाग) किंवा दानात धरू नका. ती कधी तुमची नव्हतीच.

मजुरी आठवड्याने बाजाराच्या दिवशी द्यायची आमच्याकडे रीत आहे. त्यात चूक आहे का?

मजुराने स्वतःहून तसं मागितलं असेल तर नाही. तुमच्या सोयीने ठरलं असेल तर आहे. लेवीय १९:१३ आणि अनुवाद २४:१५ दोन्हीकडे एकच सांगितलं आहे: त्याची मजुरी त्याच दिवशी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोब ५:४ मध्ये तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते.

पण आपल्या भागात खरी लूट उशिरापेक्षा काट्यावर होते. कापूस वेचणी किलोवर असते. बाया दिवसभर वेचतात, संध्याकाळी गाठोडं काट्याला लागतं, आणि मालक “फडक्याचं वजन” म्हणून सरसकट एक किलो कापतो. ते फडकं वेगळं तोलून पाहा. तीन-चारशे ग्रॅमच्या वर क्वचित भरतं. समजा दहा बाया आहेत, प्रत्येकीची दिवसाला दोन गाठोडी होतात, आणि दर गाठोड्याला सहाशे ग्रॅम जास्त कापले. म्हणजे रोज बारा किलो कापूस फुकट वेचून घेतला. हंगामभर हे चाललं तर रविवारी दानपेटीत पडणारी नोट त्यांच्याच घामाची असते. नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असं म्हटलंय ते याच काट्याबद्दल.

नीट करायचं तर हे करा: सगळी फडकी सकाळीच तोलून त्यांच्यावर रंगाने वजन लिहा. टांगायचा काटा महिन्यातून एकदा सीलबंद पाच किलोच्या पिठाच्या पिशवीने तपासा. आकडा मोठ्याने वाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल, आणि एक वही त्यांच्यातल्याच कोणाकडे ठेवा. दव वाळल्याशिवाय वेचणी सुरू करू नका. ओला कापूस वेचून घ्यायचा आणि तोलताना “ओल” म्हणून कापायचा, हा तर दुहेरी अन्याय आहे. आणि विकताना तोच कापूस पाणी मारून जड करायचा हे तर उघडच पाप आहे. शिवाय गंजीत तो पिवळा पडतो आणि भाव जातो.

मी ऊसतोडीचा मुकादम आहे. कारखाना मला पिळतो, मी टोळीला. यातून वाट आहे का?

धंदा सोडा असं कोणी सांगणार नाही. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला लावली नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणाला धाक घालू नका, पगारात समाधान माना, असं सांगितलं (लूक ३:१३-१४). तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा. प्रत्येक कोयत्याची (ऊस तोडणाऱ्या जोडप्याची) उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, तोडलेले टन आणि फिटलेली रक्कम यांची नोंद दोन वह्यांत करा. एक तुमच्याकडे, एक जोडप्याकडे. पावती दर पंधरवड्याला वाचून दाखवा. खाड्याचा दंड आजारपणाला, बाळंतपणाला आणि पाळीच्या दिवसांना लावू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गेल्या. खाडा पडू नये ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. फिटलेल्या उचलीवर पुन्हा आकडा चढवून माणूस पुढच्या हंगामाला बांधून ठेवणं म्हणजे त्याला विकत घेणंच आहे.

मंडळीचंही काम आहे. दिवाळीच्या सुमारास कोणती घरं निघाली याची यादी पाळकाकडे असावी. मागे राहिलेली लेकरं कोणाकडे जेवतात, शाळेच्या हंगामी वसतिगृहात नाव लागलं की नाही, हे दर आठवड्याला कोणीतरी पाहावं.

अडलेल्याला पैसे देऊन थोडं व्याज घेतलं तर?

“थोडं” म्हणजे किती ते आधी मांडा. शेकडा पाच म्हणजे दहा हजारांना महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार. शेकडा तीन म्हणजेही वर्षाला छत्तीस टक्के. गरिबाला दिलेल्या उसन्यावर व्याज लावू नका असं निर्गम २२:२५ आणि लेवीय २५:३६-३७ मध्ये स्पष्ट आहे. बँकेतली ठेव किंवा भागीदारीतला नफा याबद्दल चर्चमध्ये वेगवेगळी मतं आहेत, पण दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी, मुलीच्या फीसाठी हात पसरलेल्या माणसाकडून व्याज घेण्याबद्दल शास्त्रात दुमत नाही. कायदाही इथे आड येतो: महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारीत बळकावलेल्या जमिनीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. तुमच्या कपाटात कोणाचं खरेदीखत तारण म्हणून पडलं असेल तर ते पहिल्या वहीत लिहा.

शेतीच्या सरकारी पैशात सगळेच थोडं इकडंतिकडं करतात. त्याला पाप म्हणायचं का?

दुसऱ्याच्या गट नंबरवर विमा उतरवणं, न पेरलेलं पीक पेरलं म्हणून दाखवणं, पात्र नसताना पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार घेणं, हे सगळं खोटी साक्ष आणि चोरी या दोन आज्ञांत येतं. पीएम-किसानची चुकीने घेतलेली रक्कम परत भरायची सोय त्यांच्या संकेतस्थळावर आहे. कारकुनाला चहापाण्याचे दिल्याशिवाय काम होत नाही तिथे मात्र घेणारा आणि अडलेला यांना एकाच मापाने मोजू नये. पैसे न देता तीन खेपा मारायची तयारी ठेवा, अर्जावर पोच घ्या. तरीही हक्काचं काम अडवलं जात असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

चर्चमध्ये ख्रिस्ती आणि दाखल्यावर हिंदू. हे ढोंग नाही का?

हा सगळ्यांत दुखरा प्रश्न आहे आणि दुरून निवाडा करणाऱ्यांना तो फार सोपा वाटतो.

आधी कायदा. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० प्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, पण ख्रिस्ती आणि मुसलमानांना मिळालेला नाही. म्हणजे मांग किंवा महार समाजातल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला की त्याची सवलत जाते. गावातली वागणूक मात्र तीच राहते. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. हा भेद काढून टाकावा अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये केली होती. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर नवा आयोग नेमला गेला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्याने केवळ सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाची फसवणूक आहे.

तेव्हा बाप्तिस्मा घेऊन, नियमित उपासना करून, शपथपत्रावर हिंदू लिहिणं खोटं आहे, आणि खोट्याला खोटंच म्हणावं लागेल. येशूने “होय” ला होय आणि “नाही” ला नाही म्हणायला सांगितलं आहे (मत्तय ५:३७). पण हेही तितकंच खरं की, हा पेच त्या माणसाने निर्माण केलेला नाही. पोराची फी की प्रभूचं नाव, अशी निवड ज्यांना कधीच करावी लागली नाही त्यांनी व्यासपीठावरून या लोकांना ढोंगी म्हणू नये.

मग करायचं काय? नवीन पिढीचे कागद पहिल्यापासून खरे करा. शाळेत नाव घालतानाच धर्म खरा लिहा आणि ख्रिस्ती म्हणून, अल्पसंख्याक म्हणून कोणत्या सवलती आणि शिष्यवृत्त्या मिळतात ते सेतू केंद्रात विचारा. ज्यांची नोकरी जुन्या दाखल्यावर उभी आहे त्यांनी भावनेच्या भरात काही जाहीर करण्याआधी वकिलाला भेटावं आणि घरच्यांशी बोलावं. हा निर्णय त्यांचा आहे. मंडळीने त्यांच्या वतीने घेऊ नये. मंडळीने दोन गोष्टी कधीच करू नयेत: बाप्तिस्म्याची नोंदवही लपवणं किंवा बदलणं, आणि “हा आमच्याकडचा नाही” अशी खोटी पत्रं देणं. कायदा बदलावा यासाठी उघडपणे मागणी करणं, मोर्चात जाणं, निवेदन देणं यात विश्वासाला बाधा येत नाही. ते केलंच पाहिजे.

ख्रिस्तात जात नाही म्हणतो, पण सोयरीक पूर्वीच्याच जातीत. हे कसं?

चूकच आहे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण होते. त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हा तिथे आलेली बहुतेक माणसं मांग-महार समाजातली होती, आणि ते त्यांच्यात राहिले. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती जीवनाची सुरुवात अशी आहे. आणि आज त्याच जिल्ह्यांत “मुलगा चांगला आहे, पण तो त्यांच्यातला” असं म्हणून स्थळं परत जातात.

ख्रिस्तात सगळे एक आहेत हे गलती ३:२८ मोठ्याने वाचून हे बदलत नाही. बदलतं ते असं: पाळक आणि पंच स्थळं सुचवताना जातीच्या पलीकडची स्थळं आधी सुचवतात, आणि स्वतःच्या मुलांची लग्नं तशी करून दाखवतात. प्रभुभोजनाला कोण आधी जातं, प्रीतिभोजनात कोण वाढतं आणि खरकटं कोण काढतं, दफनभूमीत कोणाची जागा कुठे, हे चार महिने नुसतं पाहा आणि पंचांच्या बैठकीत नावानिशी मांडा. सोन्याची अंगठी घातलेल्याला खुर्ची आणि फाटक्याला जमीन, हे याकोबाने दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलं आहे. त्याला आपल्याकडे फार शोधावं लागत नाही.

हुंडा नाही, फक्त “मानपान” घेतला तर?

नाव बदललं म्हणून वस्तू बदलत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ मध्ये देणारा आणि घेणारा दोघेही दोषी ठरतात. शिक्षा किमान पाच वर्षं आणि दंड किमान पंधरा हजार किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, जे जास्त असेल ते. स्वखुशीच्या भेटींची यादी करायचा नियमही आहे: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू-वरांच्या सह्या. पाळकांनी लग्नाची तारीख देण्याआधी दोन्ही घरांना वेगवेगळं बसवून “काय ठरलंय?” हा एकच प्रश्न विचारावा. मुलीच्या बापाने शेत गहाण टाकलं असेल तर ते तिथे कळतं. मग तारीख देऊ नये. मुलगी अठराची किंवा मुलगा एकवीसचा नसेल तरीही नाही. ऊसतोडीला जायच्या घाईत “उरकून टाकू” म्हणणारे पुष्कळ येतात, त्यांना जन्मदाखला मागा.

गावातल्या सणांना किती सामील व्हायचं? वर्गणी, प्रसाद, कंदुरी, तेरवी…

सगळ्यांना एकच उत्तर नाही, म्हणून एकेक घेऊ.

वर्गणी: मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आल्यावर वाद घालण्यापेक्षा पंधरा दिवस आधी अध्यक्षाला भेटा. मूर्ती-पूजेसाठी देता येणार नाही, पण पाण्याचा टँकर, आरोग्य शिबिर, शाळेच्या वह्या यांपैकी एक खर्च आम्ही उचलतो, असं सांगा आणि वर्गणीपेक्षा थोडा जास्तच उचला. गाव नकारापेक्षा चिकटपणाला जास्त चिडतं.

कंदुरी: दर्ग्याला बोकड कापून गावजेवण असतं. पौलाने १ करिंथ १०:२५-२८ मध्ये दोन प्रसंग वेगळे केले आहेत. बाजारातलं मटण आणलंत तर चौकशी करत बसू नका. पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. कंदुरीचं आमंत्रणच अर्पणाचं असतं, म्हणून ते मटण टाळावं. जेवायला मात्र जावं. यजमानाला आदल्या दिवशी सांगा, तो भाकरी-वरण वेगळं ठेवतो. आयत्या वेळी ताटावर बसून नाकारलं तर त्याचा अपमान होतो.

प्रसाद: इथे चर्च एकमताने बोलत नाहीत. काही घरं हातात घेऊन बाजूला ठेवतात, काही नम्रपणे नको म्हणतात. हातात घेऊन नंतर उकिरड्यावर टाकणं सगळ्यांत वाईट.

मयत आणि तेरवी: खांदा द्या, लाकडं आणा, घरच्यांना चहा-भाकरी पोचवा, रडणाऱ्याजवळ बसा. पिंडदानाच्या विधीत हात लावू नका, एवढंच. “आम्ही ख्रिस्ती, आम्ही मयताला येत नाही” असं म्हणणाऱ्या घराच्या साक्षीवर गाव विश्वास ठेवत नाही.

पोळा: बैल धुवा, शिंगं रंगवा, त्या दिवशी जू ठेवू नका, घरात पुरणपोळी करा. नीतिमान आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो (नीतिसूत्रे १२:१०). पूजा आणि मिरवणुकीतला नवस सोडला तर पोळ्यात ख्रिस्ती शेतकऱ्याने कचरण्यासारखं काही नाही.

घरात तुम्ही एकट्यानेच बाप्तिस्मा घेतला असेल आणि म्हाताऱ्या आईला देवळापर्यंत हात धरून न्यावं लागत असेल, तर २ राजे ५:१८-१९ वाचा. राजाला हात देऊन देवळात न्यावं लागतं म्हणून सेनापती नामानाने हेच विचारलं होतं, आणि अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हटलं.

वाफसा (पेरणीजोगी ओल) रविवारीच आला तर पेरणी करावी का?

करा. काळ्या रानात वाफसा दोन-तीन दिवस टिकतो. पुढच्या पावसाने चिखल झाला तर आठवडा जातो आणि उशिरा पेरलेलं सोयाबीन उतारा देत नाही. शब्बाथ मनुष्यासाठी आहे (मार्क २:२७). उपासनेला पहाटे किंवा रात्री घरी बसा. पण मजुरांनाही त्यांचा सुट्टीचा दिवस आठवड्यात दुसरा द्या. आणि पेरणी संपल्यावरही प्रत्येक रविवारी काम निघत असेल तर अडचण वाफशाची नाही.

दशांश एकूण उत्पन्नावर की खर्च वजा जाता?

नोकरदाराचं सोपं आहे. शेतकऱ्याने खर्च वजा करून काढावा असं आमचं मत आहे. छप्पन्न हजारांचा कापूस झाला आणि बियाणं, खत, फवारणी, वेचणीत तीस हजार गेले, तर सव्वीस हजारांवर दोन हजार सहाशे. दुष्काळात काहीच उरलं नाही तर दशांश शून्य, आणि त्याची लाज नाही. माणसाकडे जे आहे त्यावरून दान मान्य होतं, नाही त्यावरून नाही (२ करिंथ ८:१२). कर्ज काढून दशांश देऊ नका. आईबापाच्या औषधाचे पैसे “देवाला वाहिले” म्हणून चर्चमध्ये देणाऱ्यांना येशूने मार्क ७:११-१३ मध्ये चांगलंच सुनावलं आहे. दशांश न देणाऱ्यांना शाप सांगणारं मलाखीचं वचन दाखवून नापिकीचं खापर शेतकऱ्याच्या दशांशावर फोडणाऱ्या वक्त्याला पुन्हा बोलावू नये.

प्रार्थनेने बरं वाटलं. औषध बंद करू का?

नाही. प्रार्थना करा, उपकार माना आणि गोळी घ्या. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस “प्रभूने बरं केलं” म्हणून गोळ्या सोडतो. मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या लेकरांनाही तोच आजार लागतो. साखर, रक्तदाब, मिरगी यांचंही तसंच. तेल लावून प्रार्थना करणाऱ्याने आजाऱ्याला आधी विचारावं, “डॉक्टरांनी काय सांगितलंय?” गोळ्या फेकून द्या असं जो सांगतो त्याच्या सभेला जाऊ नका.

साक्ष देतानाही नेमकं बोला. ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशन झालं म्हणा. देवाच्या गौरवासाठी खोट्याची गरज नसते.

नवरा मारतो. पाळक म्हणतात, सहन कर, प्रार्थना कर.

हा सल्ला चुकीचा आहे आणि तो देणाऱ्याला जाब विचारला पाहिजे. नवऱ्याने बायकोला मान दिला नाही तर त्याच्या प्रार्थनांना अडथळा येतो, असं १ पेत्र ३:७ म्हणतं. म्हणजे आधी सुधारायचं आहे ते त्याने. जीव सांभाळा: आधार, बँक पुस्तक, मुलांचे दाखले एका पिशवीत करून विश्वासू घरी ठेवा. तातडीला ११२, महिला हेल्पलाईन १८१. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरातून तुम्हाला हाकलता येत नाही. मंडळीने अशा माणसाला गीतं सांगायला, वचन वाचायला उभं करू नये. त्याने रडून माफी मागितली म्हणजे लगेच बाईला परत पाठवू नये. सहा महिने दारू आणि हात दोन्ही बंद राहिलेत का, ते शेजाऱ्यांना विचारावं.

मंडळीच्या पैशात घोळ होऊ नये म्हणून काय करावं?

दान मोजायला दर रविवारी एकमेकांचे नातेवाईक नसलेली दोन माणसं. मोजणी उपासनेनंतर तिथेच, उघड्यावर. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा, महिन्याचा जमाखर्च दारावर चिकटवलेला. खजिनदार दर तीन वर्षांनी बदलावा, तो कितीही चांगला असला तरी. “पाळकसाहेबांवर अविश्वास दाखवता का?” असं कोणी म्हटलं तर सांगा की, ही व्यवस्था त्यांच्यावर आळ येऊ नये म्हणूनच आहे. बहुतेक भांडणं चोरीने सुरू होत नाहीत. ती न लिहिलेल्या खर्चाने सुरू होतात आणि पुढे जमिनीच्या खटल्यापर्यंत जातात.

मंडळीतला भाऊ चुकीचं वागतोय हे दिसतंय. बोलावं की गप्प बसावं?

बोलावं, पण मत्तय १८:१५-१७ च्या क्रमाने. आधी एकट्याने, त्याच्या घरी नव्हे, शेताच्या बांधावर किंवा रस्त्याने चालताना, जिथे त्याची बायको-मुलं ऐकत नाहीत. जे स्वतः पाहिलंय तेवढंच बोला. ऐकलं नाही तर एक-दोन जण सोबत न्या, त्याचे विरोधक नव्हेत. मग पंचांकडे.

हा क्रम मोडतो तो बहुधा प्रार्थना सभेत. “अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरात काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे” असं एकाने म्हटलं की रात्रीपर्यंत वस्तीभर होतं. सभा चालवणाऱ्याने तिथेच थांबवावं: नाव घ्यायचं असेल तर त्या माणसाची परवानगी आहे का, असं विचारावं. नसेल तर विषय घेऊ नये आणि सभा संपल्यावर सांगणाऱ्याला बाजूला घेऊन विचारावं, “तू त्याच्याशी बोललास का?” मुलीवर किंवा लेकरावर अत्याचाराची गोष्ट असेल तर मात्र हा क्रम लागू नाही, तिथे त्याच दिवशी पोलीस ठाणं किंवा बाल हेल्पलाईन १०९८.